सनमायकाच्या कपाटाला नवा रंग

मैत्रिणींनो, बोईसरला खोली बदलताना कुणी स्क्रूचं रेडिमेड कपाट स्वस्तात दिलं, तर ते मनोरला आणून रंगवता येतं. पण लाकूड समजून थेट ऑइल पेंट मारू नका. आत दाबलेला भुसा असतो, वर गुळगुळीत थर. त्यात रंग मुरत नाही, नखानं सोलून निघतो. रंगाचे पैसे आणि मेहनत दोन्ही वाया!

रीत अशी:

1. हँडल, बिजागऱ्या काढा. साबणाच्या पाण्यात घट्ट पिळलेल्या फडक्यानं तेलकटपणा पुसा. पाणी ओतू नका. उघड्या कडेतून पाणी शिरलं की भुसा फुगतो, परत बसत नाही.
2. 220 नंबरच्या पॉलिश पेपरनं फक्त चमक जाईपर्यंत घासा. जास्त घासलं तर वरचा थर फाटतो. तोंडाला मास्क बांधा. धूळ पुसा.
3. दुकानात सनमायकावर धरणारा प्रायमर मागा, साधा लाकडाचा नको.
4. आधी एका कोपऱ्यावर प्रायमर लावा. पूर्ण वाळल्यावर चिकटपट्टी दाबून झटकन ओढा. निघाला तर पुढं जाऊ नका, पुन्हा घासा.
5. रंगाचे दोन पातळ हात द्या. पहिला वाळल्यावरच दुसरा.

थिनर चुलीपासून लांब, दार उघडं ठेवा. पावसाळ्यात रंग वाळायला वेळ लागतो. काम दिवाळीनंतर काढा. वर वारली चित्र काढायचं तर तांदळाचं पीठ नको, पुसलं जाईल. पांढरा ऑइल पेंट घ्या.

गटातून कर्ज उचलण्याआधी घरचं एक स्टूल रंगवा, दोन महिने वापरा. टिकलं, तरच दुसऱ्याचं काम घ्या.