ठोका वेगळा, आवाज वेगळा

जपानच्या आकाई कंपनीने अमेरिकी अभियंता रॉजर लिन यांच्याकडून एमपीसी-६० या ठेका रचण्याच्या यंत्राची रचना करून घेतली आणि १९८८ साली ते बाजारात आणलं. चार रांगांत सोळा रबरी पॅड ही त्याची मांडणी हिप-हॉपच्या निर्मात्यांनी उचलून धरली. त्याच मालिकेतल्या एमपीसी-२०००एक्सएलसमोर बसून ऑर्केस्ट्रातला एक ऑक्टापॅडवादक आणि संगीतसंयोजक ताई यांच्यातलं हे बोलणं.

वादक: ताई, माझ्या ऑक्टापॅडवर आठ पॅड, इथे सोळा. फरक एवढाच ना?

ताई: मोजायचेच असतील तर चौसष्ट मोज. ए, बी, सी, डी अशा चार बँका आहेत. बँक बदलली की त्याच सोळा पॅडांवर दुसरे आवाज येतात. पण खरा फरक तो नाही. या एका पेटीत दोन यंत्रं आहेत. सॅम्पलर आवाज सांभाळतो. सीक्वेन्सर फक्त एवढंच टिपतो, की कुठला पॅड, केव्हा आणि किती जोरात वाजला.

वादक: म्हणजे मी वाजवलेला ठेका रेकॉर्ड झाला, तरी त्यात आवाज नसतोच?

ताई: नसतो. वहीत तबल्याचे बोल लिहिले म्हणून वही वाजत नाही, तसंच. म्हणून तर टेम्पो ९० वरून ११० केला तरी ढोलकीची पट्टी चढत नाही, ठोके फक्त जवळ येतात. आणि ठेका तोच ठेवून ढोलकीच्या जागी डफ बसवायचा असेल, तर पुन्हा वाजवावं लागत नाही.

वादक: मग आधी ढोलकीची थाप भरू या.

ताई: मिक्सरमधून लाइन मागच्या इनपुटला दे आणि सॅम्पलचं पान उघड. थ्रेशोल्ड म्हणजे उंबरठ्याची पातळी. आवाज तिच्यावर गेला की रेकॉर्डिंग आपोआप सुरू होतं. थापेचं टोक निसटू नये म्हणून प्री-रेक ठेव, म्हणजे त्याआधीचे काही मिलिसेकंदही धरले जातात. आणि मोनोच घे. मूळ यंत्रात मेमरी २ एमबी, म्हणजे मोनोतसुद्धा अर्ध्या मिनिटाहून कमी आवाज मावतो. ती ३२ एमबीपर्यंत वाढवता येते.

वादक: आलं! पण पॅड मारल्यावर आवाज जरा उशिरा येतोय.

ताई: सुरुवातीला शांतता राहिली आहे. ट्रिममध्ये जाऊन स्टार्टचा बिंदू थापेला अगदी चिकटव. फार पुढे नेलास तर थापेची धार कापली जाईल. मग प्रोग्रॅमच्या पानावर हा आवाज पॅडला नेमून दे. हाय-हॅट भरशील तेव्हा म्यूटची जोडी लाव, बंद हॅट वाजली की उघडीचा आवाज तुटला पाहिजे.

वादक: आता रेकॉर्ड दाबू?

ताई: रेकॉर्ड धरून प्ले स्टार्ट. दोन बारचा लूप फिरत राहील. थांबवल्यावर पुन्हा भर घालायची तर ओव्हरडब घे. पुन्हा रेकॉर्ड दाबलंस तर त्या ट्रॅकवरचं आधीचं पुसलं जाईल. एखादा ठोका नको असेल तर लूप चालू असताना इरेज धरून तोच पॅड दाब, तेवढाच जाईल. टाळ किंवा हॅट सलग हवी असेल तर नोट रिपीट धरून पॅड दाबून ठेव.

वादक: माझा हात थोडा हलला होता, पण ऐकताना सगळं लयीत आहे!

ताई: ते टायमिंग करेक्टचं काम, लोक त्याला क्वांटाइझ म्हणतात. इथे १/१६ लावलंय, म्हणून प्रत्येक ठोका जवळच्या घरात सरकतो. यंत्र एका मात्रेचे ९६ सूक्ष्म भाग करतं, अर्ध्या मात्रेत ४८. त्यात दोन घरं. त्यांतल्या पहिल्या घराचा वाटा म्हणजे स्विंग. तो ५० टक्के असेल तर घरं सारखी, २४ आणि २४. ६६ केलंस तर साधारण ३२ आणि १६.

वादक: म्हणजे दोनास एक! तिश्र जातीसारखं डोलेल.

ताई: बरोबर. कमाल ७५ टक्के, म्हणजे ३६ आणि १२. ५४-५५ वर ठेवून बघ, फरक बोट ठेवून दाखवता येत नाही, पण ताठरपणा जातो. आणि करेक्ट सरळ बंदही करता येतं. डेट्रॉइटचा निर्माता जे डिला बरेचदा ते बंद ठेवून हातानेच वाजवायचा. त्याचं एमपीसी-३००० आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

वादक: आणि रूपक वाजवायचा असेल तर?

ताई: सीक्वेन्स मुळात ४/४ चा असतो, तो ७/४ कर. सात मात्रा मिळतील. पण रूपकाची सम ‘खाली’वर येते हे यंत्राला ठाऊक नाही. पहिल्या मात्रेचा ठोका हलका ठेवणं तुझ्या हातात. मग फुल लेव्हलचं बटण बंदच असू दे. ते चालू असेल तर कितीही हळू मारलं तरी पूर्ण जोराचाच आवाज नोंदला जातो.

वादक: छान जमलंय. सीक्वेन्स सेव्ह करतो आणि मशीन बंद करतो.

ताई: थांब! सगळं तात्पुरत्या मेमरीत आहे, वीज गेली की संपलं. आणि नुसते सीक्वेन्स फ्लॉपीवर उतरवलेस, तर उद्या आकडे पळताना दिसतील, ठेका चालू असेल आणि कानावर काहीच येणार नाही.

वादक: कारण ठोके एकीकडे आणि आवाज दुसरीकडे.

ताई: आता कळलं. सीक्वेन्सची फाइल वेगळी सेव्ह कर, प्रोग्रॅम आणि त्यातले आवाज वेगळे. मग बंद कर.