टायर एकाच बाजूने का झिजतो? (इयत्ता चौथी-पाचवी : निरीक्षण, मापन आणि कोन)



हा पाठ मी ठरवून घेतलेला नाही. आमच्या वर्गातल्या एका मुलाचा मोठा भाऊ पुण्यात टायरच्या दुकानात कामाला आहे. त्याने घरी एक फोटो पाठवला होता. एक महागडी स्पोर्ट्स कार, तिचं मागचं चाक काढून जमिनीवर ठेवलेलं. मुलगा आईचा मोबाईल घेऊनच शाळेत आला. "मॅडम, हे बघा. बाहेरून टायर नवा आहे आणि आतून तारा दिसतात. असं कसं?"

मी पटकन म्हणाले, "हवा कमी असेल." उत्तर देऊन मोकळी झाले आणि घरी जाताना ते चुकीचं असल्याचं लक्षात आलं. हवा कमी असली तर टायरच्या दोन्ही कडा झिजतात, एकच नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं की काल मी चुकले, आता आपण मिळून शोधू. मुलांना या वाक्याचा फार आनंद होतो, अनुभव घेऊन बघा.

सुरुवात गाडीपासून केली नाही, वर्गाच्या दारातल्या चपलांपासून केली. प्रत्येकाने आपली चप्पल उलटी करून बघायची आणि कुठे झिजली तिथे खडूने खूण करायची. बहुतेकांची टाचेच्या बाहेरच्या बाजूला झिजलेली निघाली. दोघांची आतून, एकीची फक्त उजव्या पायाची. चप्पल एकाच दुकानातली, रस्ता एकच, पण झीज वेगवेगळी. का? एका मुलीने सांगितलं, "पाय कसा पडतो त्यावर आहे." बस्स, अर्धा पाठ इथेच झाला.

मग मुलांना कबड्डीतल्या बचावपटूसारखं पाय फाकवून उभं राहायला सांगितलं. वजन पावलाच्या कुठल्या कडेवर आलं? आतल्या. स्पोर्ट्स कारची चाकं अगदी अशीच बसवलेली असतात. समोरून बघितलं तर वरची बाजू किंचित आत आणि खालची बाहेर. या कलण्याला कॅम्बर म्हणतात आणि वरची बाजू आत असेल तर निगेटिव्ह कॅम्बर. कोन छोटाच असतो, साधारण एक ते दोन अंश. कोनमापकावर एक अंश किती ते मुलांना दाखवा, "एवढाच?" असंच म्हणतील.

पण गाडी बनवणारे चाक मुद्दाम वाकडं का लावतील? वळणावर वेगात गाडी बाहेरच्या बाजूला झुकते. बसमध्ये वळणावर आपण शेजाऱ्यावर कलंडतो तसंच. सगळा भार बाहेरच्या चाकावर येतो आणि ते चाकही झुकतं. आधीच थोडं आत कललेलं असेल तर त्या क्षणी ते रस्त्यावर सपाट बसतं आणि पकड चांगली मिळते. म्हणजे हे चाक वळणासाठी नीट लावलेलं आहे, सरळ रस्त्यासाठी नाही. गाडी सरळ हायवेवरच जास्त चालली तर आतली कड भार सोसत राहते. मालकाने गाडी दिसायला छान म्हणून आणखी खाली बसवून घेतली असेल तर हे कलणं वाढतं आणि चाकाची दिशाही बिघडते.

दिशा हा खरा चोर आहे. फक्त कॅम्बरने टायर इतक्या लवकर तारेपर्यंत जात नाही, हे मला नंतर वाचताना आणि गॅरेजवाल्यांशी बोलताना कळलं. वरून बघितलं तर चाकं सरळ पुढे बघतात की एकमेकांकडे वळलेली आहेत, याला टो म्हणतात. पायाचे अंगठे आत वळवून चालणारं लहान मूल आठवा, ते झालं टो-इन. अंगठे बाहेर वळले की टो-आऊट. टो-इन जास्त झालं तर बाहेरची कड जाते, टो-आऊट जास्त झालं तर आतली. आत कललेलं चाक आणि वर टो-आऊट, म्हणजे आतल्या कडेला दुहेरी मार.

यासाठी खोडरबर वापरा. खोडरबर सरळ धरून खरखरीत पुठ्ठ्यावर ओढा, मग तिरपा कलवून ओढा, मग ओढायची दिशा तीच ठेवून खोडरबर थोडा आडवा फिरवून ओढा. तिन्ही वेळचा चुरा वेगळा ठेवा. चुरा बघून मुलंच बोलायला लागतात, आपल्याला काही सांगावं लागत नाही.

मोठ्या वर्गासाठी एक हिशोब. चाकाची दिशा अर्धा अंश जरी चुकली, तरी गाडी एक किलोमीटर जाताना ते चाक सुमारे पावणेनऊ मीटर आडवं जायला बघतं. गाडी त्याला जाऊ देत नाही, मग ते घासतं. पुणे ते मुंबई अंदाजे १५० किलोमीटर धरा : जवळजवळ १३०० मीटर आडवी ओढाताण. रबर लवचीक असल्यामुळे ही सगळीच घासाघीस होत नाही, पण बिघाड केवढा ते कळतं.

भावाने आणखी एक सांगितलं होतं, की साध्या गाडीचे टायर पुढचे मागे, मागचे पुढे असे बदलून झीज वाटून घेतात, या गाडीत ते जमत नाही. खरंच आहे. अनेक स्पोर्ट्स कारमध्ये मागचे टायर पुढच्यापेक्षा रुंद असतात. पोर्शे ९११ चं उदाहरण घ्या. तिचं इंजिन मागच्या चाकांच्याही मागे असतं, जास्त वजन मागे, ताकदही मागच्या चाकांना. अलीकडच्या ९११ कॅरेरावर पुढे २३५/४० झेडआर १९ आणि मागे २९५/३५ झेडआर २० असे टायर येतात. अदलाबदल करणार कशी? शिवाय असे टायर पकडीसाठी मऊ रबराचे असतात, ते मुळातच लवकर झिजतात.

हे आकडे शतमानासाठी सोन्यासारखे आहेत. २९५ म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये, ३५ म्हणजे बाजूची भिंत रुंदीच्या ३५ टक्के, म्हणजे सुमारे १०३ मिमी. साध्या छोट्या गाडीवर १६५/८० आर १४ लिहिलेलं असेल तर भिंत १३२ मिमी. रुंद टायरची भिंत बुटकी! मुलांनी घरच्या, शेजारच्या गाड्यांचे आकडे आणून गणितं करावीत. टायरवर अंडाकृती चौकटीत चार अंक असतात, तेही टिपून आणायला सांगा. २३१९ म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला.

बाकीच्या खुणा थोडक्यात. हवा जास्त असेल तर मधला पट्टा झिजतो, कमी असेल तर दोन्ही कडा. जागोजागी खड्डे पडल्यासारखी झीज असेल तर शॉकअप गेलेले किंवा बॅलन्सिंग बिघडलेलं. चारांतला एकच टायर खात असेल तर खड्ड्यात आपटून काही वाकलंय का, बुश ढिले आहेत का ते बघायला हवं. नुसता टायर बदलला तर नवाही तसाच जाणार.

आता ज्यासाठी हे सगळं लिहितेय ते. पाठाच्या शेवटी प्रत्यक्ष मोजायचं ठरलं आणि अंगणात उभी होती ती मुलांना आणणारी व्हॅन. काकांना विचारलं, ते हसत "मोजा की" म्हणाले. गाडी बंद, किल्ली माझ्या हातात, हे आधी. पट्टी खाचेत घालून मोजू नका, प्लॅस्टिकच्या पट्टीवर शून्याच्या आधी मोकळी जागा असते, मुलं फसतात. आम्ही काडेपेटीची काडी खाचेत उभी धरली, नखाने खूण केली आणि मग पट्टीवर मोजली. पुढचा डावा टायर : बाहेरची खाच ५ मिमी, मधली ४. काकांनी स्टेअरिंग पूर्ण फिरवून आतली बाजू दाखवली. तिथे काडीवर खूण करायलाच जागा नव्हती, जेमतेम १ मिमी. चारचाकीसाठी कायद्याची मर्यादा १.६ मिमी आहे, आणि खाचेच्या तळाशी जे छोटे उंचवटे असतात ते तेवढ्यासाठीच. नक्षी त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला.

काकांचा चेहरा उतरला. "मी रोज बघतो हो मॅडम, पण बाहेरून." त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्या व्हॅनमध्ये रोज नऊ मुलं येतात आणि आम्ही शिक्षक तरी कधी वाकून बघितलं होतं? त्या दिवशी मुलांना पालकांनीच दुचाकीवरून नेलं. दोन पालक माझ्यावर चिडलेही, कामाचा खाडा झाला म्हणून. तिसऱ्या दिवशी काका पुढचे दोन्ही टायर बदलून आणि अलाइनमेंट करून आले, त्याची पावती घेऊन.

पालकांनो, तुमच्या मुलांच्या व्हॅनचं स्टेअरिंग एकदा पूर्ण डावीकडे, एकदा पूर्ण उजवीकडे फिरवायला सांगा आणि पुढच्या टायरची आतली बाजू बघा. मागच्यासाठी गाडीखाली मोबाईल धरून फोटो काढा. आत हात फिरवू नका, तार बाहेर आली असेल तर बोट फाटतं.

आमच्या मुलांनी आता सायकली मोजायला घेतल्यात. मागचा टायर पुढच्यापेक्षा जास्त का झिजतो, हा त्यांचा ताजा प्रश्न. मी यावेळी लगेच उत्तर दिलं नाही. "बसतोस कुठल्या चाकावर आणि साखळी कुठल्या चाकाला आहे?" एवढंच विचारलं आणि सोमवारी सांगायला लावलंय.