डब्यातली ऊब

पाया खणताना, उकिरडा उपसताना, जुनी भिंत पाडताना अंडी निघतात. कधी धामणीची, कधी नागाची. वन विभागाला कळवून, रीतसर नोंद करून ती उबवायचं काम आम्हा सर्पमित्रांकडे येतं. दिवस असतात ऐन उन्हाळ्याचे किंवा पावसाच्या तोंडाचे. दुपारी अंग भाजतं, संध्याकाळी वळीव कोसळतो आणि हमखास लाईट जाते.

१. अंडं हलवायचं नाही, हे हाताला शिकवावं लागलं. कोंबडी आपली अंडी सारखी उलटत असते. सापाच्या अंड्याला ते चालत नाही. आतला जीव सुरुवातीलाच कवचाच्या वरच्या बाजूला चिकटतो. अंडं उलटं झालं तर तो दगावू शकतो. म्हणून उचलण्याआधी प्रत्येक अंड्याच्या माथ्यावर शिसपेन्सिलीने बारीक खूण करते. एकमेकांना चिकटलेली अंडी तशीच घोळक्याने उचलायची, सोडवायची नाहीत.

२. ऊब देता येते, टिकवणं कठीण. थर्माकोलचा खोका, त्यात ओलसर कोकोपीट घातलेला डबा आणि २७ ते ३० अंश तापमान, एवढाच संसार. पण झाकणाजवळचा आकडा आणि अंड्यांजवळचा आकडा एक नसतो, म्हणून थर्मोस्टॅटची वायर अंड्यांच्या शेजारीच ठेवायची. खोक्याच्या कडेने पाण्याच्या भरलेल्या बाटल्या लावते. पाणी सावकाश तापतं आणि सावकाशच निवतं, त्यामुळे लाईट गेली तरी आतली ऊब एकदम उतरत नाही. अशा वेळी सगळ्यात मोठा मोह झाकण उघडून बघण्याचा. तो आवरला की निम्मं काम झालं.

३. सरासरीवर विसंबू नये. दुपारी ३५ आणि पहाटे २४ म्हणजे सरासरी साडेएकोणतीस. वहीत हा आकडा छान दिसतो. पण अंड्यातल्या जिवाला ती दुपार सोसावी लागते. मला नवल वाटलं ते याचं, की थोडा गारवा तो निभावून नेतो. वाढ मंदावते, पिल्लं उशिरा निघतात, एवढंच. उष्णता मात्र सोडत नाही. पारा बराच वेळ चढा राहिला तर वाकड्या कण्याची पिल्लं निघतात, किंवा निघतच नाहीत. पावसाळी रात्री मी आता निर्धास्त झोपते. मे महिन्यातल्या दुपारी खोक्यापासून हलत नाही.

४. आई काय करते, हे पाहून मान खाली जाते. अजगराची मादी अंड्यांभोवती वेटोळं घालून बसते आणि अंगाचे स्नायू आखडत-सोडत स्वतः ऊब निर्माण करते. पॅरिसच्या संग्रहालयात १८४१ मध्ये ही ऊब मोजून झाली होती. धामण तसं काही करत नाही. बहुतेक साप अंडी घालून निघून जातात. तिला माया नाही, असं लोक म्हणतात, ते मला पटत नाही. तिची सगळी काळजी जागा निवडण्यात असते. बिळात, वारुळात, कुजत्या पाल्यात दिवस-रात्रीचा फरक फार कमी पोचतो, ओल टिकते आणि लाईट जाण्याचा प्रश्न नसतो. माझा खोका ही तिच्या निवडीची कच्ची नक्कल आहे. म्हणून जिथे घरमालक ऐकेल तिथे मी पहिली विनंती एकच करते : दोनेक महिने एवढा कोपरा सोडा, अंडी आहेत तिथेच राहू द्या.

५. कोकणातल्या वेळासच्या किनाऱ्यावर कासवाचं पिल्लू नर की मादी, हे वाळूच्या उष्णतेवर ठरतं. सापांचं तसं नसतं, ते गुणसूत्रांवर ठरतं. तेवढा भार तरी माझ्या थर्मोस्टॅटवर नाही.

६. अंड्याच्या कवचाला खळगा पडला की घाबरायचं का, हे अंड्याच्या वयावर असतं. सुरुवातीला पडला तर ओल कमी झालेली. पाणी कोकोपीटच्या कडेने द्यायचं, अंड्यावर नाही. शेवटच्या दिवसांत पडला तर वाट बघायची. मग कवचावर बारीक चीर दिसते, तिच्यातून नाकाचं टोक येतं, जीभ लवलवते आणि पिल्लू पुन्हा आत जातं. असं दिवसभरही चालतं, कारण उरलेला बलक त्याला अजून पोटात घ्यायचा असतो. ओढून काढायचं नाही. नागाचं असेल तर बोटंही लांबच ठेवायची. ते जन्मतःच विषारी असतं.

७. पिल्लं सोडायची ती अंडी सापडली त्याच परिसरात, वन विभागाच्या माणसांसमोर. पण तोवर त्या जागी बहुधा स्लॅब पडलेला असतो. त्यामुळे अंडी डब्यात ठेवली त्याच आठवड्यात मी जवळचा ओढा आणि पडीक बांध बघून ठेवते.