दत्तकपणाची वाट पाहताना

शास्त्रपाठ : रोमकरांस पत्र 8:14–25, गलतीकरांस पत्र 4:1–7

आमच्या मंडळीतील एक आजी दर रविवारी उपासना संपल्यावर आपले पवित्र शास्त्र उघडून, रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात ठेवलेला एक फोटो पाहत असत. फोटो तीन वर्षांच्या मुलीचा होता. तो कोणाला दाखवू नये अशी सूचना असल्यामुळे त्यांनी तो आम्हांला दाखवला नाही. त्यांचा मुलगा व सून अमेरिकेत स्थायिक असून तेथील नागरिक आहेत. महाराष्ट्रातील एका संस्थेतील ही मुलगी त्यांनी दत्तक घेण्याचे ठरवले होते. अर्ज केल्यापासून मूल घरी येईपर्यंत अडीच वर्षे लागली.

एकदा मी त्यांना म्हणालो, "आजी, देवाची वेळ आली की सर्व होईल." त्या म्हणाल्या, "देवाची वेळ मला ठाऊक आहे हो. पण पोर रात्री कुणाजवळ निजते, ते सांगा." मला उत्तर सुचले नाही. घरी जाऊन मी तो अध्याय पुन्हा वाचला.

1. वाट का पाहावी लागते?

परदेशी दत्तकाच्या नावाखाली मुलांचा बाजार होऊ नये, म्हणून हे नियम झाले आहेत. लक्ष्मीकांत पांडे या वकिलांच्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाने 1984 साली न्या. पी. एन. भगवती यांच्या निकालात मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. 1990 साली 'कारा' ही केंद्रीय यंत्रणा स्थापन झाली. 1993 च्या हेग कराराला भारताने 2003 साली मान्यता दिली. मुलाला आपल्याच देशात घर मिळते का, हे आधी पाहावे, असे या सर्वांचे सूत्र आहे.

म्हणून प्रथम परदेशातील कुटुंबाच्या घरी जाऊन पाहणी होते. इकडे बालकल्याण समिती मूल दत्तकासाठी मोकळे असल्याचे जाहीर करते. एखाद्या मातेने मूल स्वाधीन केले असेल, तर तिला फेरविचारासाठी दोन महिने मिळतात. पुढे दोन्ही देशांची संमती, 'कारा'चे ना-हरकत पत्र, जिल्हा दंडाधिकाऱ्यांचा आदेश (2022 च्या सप्टेंबरपूर्वी तो न्यायालय देई), आणि मग जन्मदाखला, पासपोर्ट व व्हिसा.

त्या दोन महिन्यांचा विचार करा. एका घरात पाळणा हलत नाही म्हणून डोळ्यांत पाणी आहे. त्याच वेळी दुसरीकडे एका मातेला "परत ये, अजून दार उघडे आहे" असे कायदा सांगत आहे. अशा विलंबात दया आहे. मात्र कोणाच्या टेबलावर कागद उगाच पडून राहिला, तर त्याला देवाची इच्छा म्हणू नये. तो माणसाचा हलगर्जीपणा आहे, आणि त्याविषयी नम्रपणे पण पुन्हा पुन्हा विचारणे हे प्रेमाचेच काम आहे. लूक 18 मधील विधवेने तेच केले.

2. पौलाने हा शब्द का निवडला?

'दत्तकपण' हा शब्द पौलाच्या पत्रांत पाच वेळा येतो : रोम 8:15, 8:23, 9:4, गलती 4:5, इफिस 1:5. रोमी लोकांना त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नव्हता. लूक 3:1 मधील तिबिर्य कैसराला औगुस्त कैसराने इ. स. 4 मध्ये दत्तक घेतले होते, आणि त्या नात्याने तो पुढे गादीवर आला. दत्तक पुत्र हा पूर्ण पुत्र, पूर्ण वारस.

आपल्या देशातील ख्रिस्ती कुटुंबांना हे विशेष समजावे. पूर्वी आपल्या लोकांना 1890 च्या कायद्याखाली मुलाचे केवळ पालकत्व मिळे. कायद्याच्या दृष्टीने ते आईबाप होत नसत. बाल न्याय कायदा 2000 आणि त्याची 2006 ची दुरुस्ती यांमुळे ते दार उघडले. गलती 4 मध्ये पौल हाच फरक दाखवतो. आपण पालक व कारभारी यांच्या हाताखाली होतो. ख्रिस्ताने आपल्याला पुत्र केले.

3. मिळाले, आणि अजून मिळायचे आहे

आठव्या अध्यायाच्या 15 व्या वचनात पौल म्हणतो की आपल्याला दत्तकपणाचा आत्मा मिळाला आहे. 23 व्या वचनात मात्र आपण दत्तकपणाची वाट पाहत कण्हत आहोत असे तो सांगतो. हा विरोध नाही. आजींच्या घरी हेच घडले. मुलगी निश्चित झाली, तिच्यासाठी खाट आली, नाव ठरले. तरी ती समुद्रापलीकडेच होती. सुनेने फोनवर रडून सांगितले, "मी आई आहे की नाही, हेच मला कळत नाही." असे कण्हणे अविश्वास नव्हे. पौल सांगतो की आत्मा स्वतः आपल्याबरोबर कण्हतो (8:26).

शेवटी आदेश झाला आणि मुलगी कायद्याने त्यांची झाली. पण कित्येक महिने ती सुनेला "बाई" म्हणे, कारण संस्थेत सांभाळणाऱ्या स्त्रियांना ती तसेच म्हणत असे. एका रात्री ताप आला, तेव्हा तिने प्रथम "आई" म्हणून हाक मारली. आदेश एका दिवसात होतो. जिभेला ती हाक यायला वेळ लागतो. म्हणूनच गलती 4:6 सांगते, आपण पुत्र आहोत म्हणून देव आत्मा पाठवतो, आणि तो आपल्या अंतःकरणात पित्याला हाक मारतो. हाक उशिरा आली म्हणून पुत्रपण उशिरा आले असे नाही.

4. मंडळीचे काम

वाट पाहणाऱ्या घराला "अजून नाही का आले?" असे दर रविवारी विचारू नका. त्यांच्याबरोबर बसा, प्रार्थना करा. मूल आल्यावर "खरे आईबाप कोण?" असे त्याच्यादेखत कधीही बोलू नका. जिला मूल सोडावे लागले त्या मातेसाठीही प्रार्थना करा. आजी ती रोज करीत. मला मात्र ती कधी सुचली नव्हती.

वर्गासाठी प्रश्न

1. रोम 8:15 आणि 8:23 शेजारी शेजारी वाचा. आपल्याला काय मिळाले आहे, काय मिळायचे आहे?
2. कोणता विलंब दयेचा, कोणता निष्काळजीपणाचा? आपण कसे ओळखावे?
3. आपल्या वर्गात दत्तक मूल असेल, तर हा पाठ कोणत्या शब्दांत शिकवाल?