बालनेत्रांचे रक्षक : डॉ. कार्ल क्रेडे

रोग बरा करणाऱ्या वैद्याचे उपकार आपण जन्मभर स्मरतो; परंतु ज्याने रोग होऊच दिला नाही, त्याचे नाव सहसा आपल्या कानीही पडत नाही. जर्मन प्रसूतिशास्त्रज्ञ डॉ. कार्ल क्रेडे हे अशा अज्ञात उपकारकर्त्यांपैकी एक होत.

त्यांचा जन्म १८१९ साली बर्लिन येथे झाला. १८५६ मध्ये ते लाइपझिग येथे प्राध्यापक व तेथील प्रसूतिगृहाचे प्रमुख झाले. त्या काळी युरोपात कित्येक बालके जन्मतः निरोगी असूनही थोड्याच दिवसांत दृष्टीला मुकत. त्यांचे डोळे सुजत, त्यांतून पू वाहे व बुबुळावर व्रण पडे. मातेला परमा हा रोग असल्यास त्याचे जंतू जन्मसमयी बालकाच्या डोळ्यांत शिरत. हे जंतू आल्बेर्ट नायसर यांनी १८७९ मध्ये शोधून काढले.

क्रेडे यांनी प्रथम मातांच्या शुद्धीकरणाचे उपाय योजिले. पण रोग हटेना. तेव्हा त्यांनी बालकाच्या डोळ्यांकडेच लक्ष वळविले. १८८० मध्ये त्यांनी नवजात बालकाचे डोळे स्वच्छ पुसून, काचेच्या कांडीने सिल्व्हर नायट्रेटच्या शेकडा दोन प्रमाणातील द्रवाचा एकेक थेंब त्यांत सोडण्यास प्रारंभ केला. आरंभी हा उपाय रोगी मातांच्या बालकांपुरताच होता. परंतु रोग पुष्कळदा लपून राहतो, हे ओळखून त्यांनी तो सरसकट सर्व बालकांना लागू केला. पूर्वी त्यांच्या प्रसूतिगृहात शेकडा सुमारे दहा बालकांना हा रोग होई. ते प्रमाण आता शेकडा एकाहूनही खाली आले!

ही रीत त्यांनी १८८१ मध्ये प्रसिद्ध केली. ती इतकी सोपी होती की, कोणत्याही सुशिक्षित सुईणीस ती सहज साधावी. पुढे अनेक देशांनी तिचा स्वीकार केला. त्या औषधाने डोळ्यांची थोडी आग होत असे. म्हणून आज पुष्कळ ठिकाणी त्याऐवजी प्रतिजैविक मलम वापरतात आणि गर्भवतीची आधीच तपासणी करून तिच्यावर उपचार करतात. साधन बदलले, तत्त्व मात्र तेच राहिले.

१८९२ साली क्रेडे निवर्तले. ज्यांची दृष्टी त्यांनी वाचविली, त्यांपैकी बहुतेकांस आपण कोणत्या संकटातून वाचलो, हे कधी कळलेही नाही. विद्यार्थिमित्रहो, संकट येण्यापूर्वीच त्याची वाट अडविणे, हीही थोर लोकसेवाच नव्हे काय?