जुजबंदी म्हणजे काय?

मित्रांनो, आपल्या वर्गाच्या पेटीत दोन जाडजूड पुस्तके आहेत. एकाची पाने कडेने तारेने टाचलेली आहेत. ते पुरते उघडत नाही, जोर केला की पान हातात येते. दुसरे त्याहून जुने, पण मांडीवर ठेवले की कसे सपाट उघडते! असे का, म्हणून बाईंना विचारले. त्या म्हणाल्या, "अरे, त्याची जुजबंदी केलेली आहे."

'जुज' हा शब्द मूळ अरबी. त्याचा अर्थ भाग किंवा हिस्सा. कुराणाचे ३० भाग करतात, त्या प्रत्येकालाही हेच नाव आहे. 'बंदी' हा शब्द फारसी, म्हणजे बांधणे. तटबंदीतली बंदी तीच. तेव्हा जुजबंदी म्हणजे पुस्तकाचा एकेक भाग शिवून केलेली बांधणी. कागद, शाई, दौत, दफ्तर हे शब्दही असेच फारसीतून मराठीत आले. आपण 'जुजबी ओळख' म्हणतो ना? तो 'जुजबी'ही याच जुजचा. जुजबी म्हणजे अंशापुरती, थोडीशी.

आता एक कृती करा. एका कागदाची तीन वेळा अर्ध्यावर घडी घाला. झाली ८ पाने, म्हणजे १६ पृष्ठे. कोपरे उचलून १ ते १६ आकडे घाला. बरोबर मध्ये ८ आणि ९ समोरासमोर येतात. ही झाली एक जुज. छापखान्यात मोठा कागद छापून अशीच घडी घालतात, तिला फर्मा म्हणतात. आता घडी उलगडून पाहा. १ च्या शेजारी १६, ४ च्या शेजारी १३. बेरीज दर वेळी १७ च!

बांधणारा प्रत्येक घडीच्या पोटातून सुई घालतो आणि तोच दोरा पुढच्या घडीला गुंतवतो. सगळ्या जुजा शिवल्या की पाठीला खळ लावून वर पुठ्ठा चढवतो. समास शिलाईत दबत नाही, म्हणून पुस्तक सपाट उघडते. तारेचे तसे नाही. ती पावसाळ्यात गंजते आणि कागद खाते.

पालकांना एक विनंती. घरातले जुने पुस्तक खिळखिळे झाले म्हणून लगेच रद्दीत घालू नका. आधी त्याची पाठ पाहा. आत घड्या दिसल्या तर ती जुजबंदी आहे. दोरा तुटला तरी घड्या शाबूत असतात, पुस्तक पुन्हा शिवता येते.

– इयत्ता सातवी