बिघाड कोठे आहे?

छत्रपती संभाजीनगराहून वेरूळची लेणी पाहावयास निघालेला प्रवासी दौलताबादचा किल्ला मागे टाकून घाट चढतो व खुलताबादला पोचतो. या गावी मलिक अंबरची कबर आहे. निजामशाहीचा हा कर्तबगार वजीर इ. स. १६२६ मध्ये मरण पावला. त्याने वसविलेले खडकी हे नगर म्हणजेच पुढचे औरंगाबाद व आजचे छत्रपती संभाजीनगर. या नगरासाठी त्याने जमिनीखालून पाणी खेळविले. त्या जलमार्गास ‘नहर-ए-अंबरी’ असे म्हणतात.

मुलांनो, जमिनीखालून पाणी आणणे कठीण. परंतु ते वर्षानुवर्षे वाहते ठेवणे त्याहूनही कठीण. कोठे गाळ साचेल, कोठे झाडाचे मूळ आत शिरेल, कोठे दगड ढासळेल, हे वरून कसे कळावे? म्हणून या नहरीवर ठिकठिकाणी विहिरीसारखी उभी तोंडे ठेवलेली आहेत. समजा, नगरात पाणी येईनासे झाले. तर सगळी नहर उकरावी काय? मुळीच नाही! एका तोंडातून आत पाहावे. तेथे पाणी वाहत असेल, तर पुढच्या तोंडाशी जावे. एका तोंडात पाणी आहे आणि त्याच्या पुढच्या तोंडात नाही, असे आढळले, की बिघाड त्या दोहोंच्या मध्येच असला पाहिजे. खणावयाचे ते तेवढेच.

हीच युक्ती आजच्या यंत्रांनाही लागू पडते. उदाहरणार्थ, लाकडास, लोखंडास किंवा भिंतीस छिद्र पाडणारे विजेचे गिरमिट घ्या. कारागीर त्यास ‘ड्रिल’ म्हणतात. पूर्वी सुतार सामत्याने छिद्र पाडीत. दोरी ओढून ओढून त्यांचे हात भरून येत. इ. स. १८८९ मध्ये ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे आर्नॉट व ब्रेन या दोघांनी विजेवर चालणाऱ्या ड्रिलचे पेटंट घेतले. पुढे १८९५ मध्ये जर्मनीतील स्टुटगार्ट येथे फाइन यांच्या कारखान्यात हाती धरून वापरता येईल असे ड्रिल तयार झाले. आज ते गावोगावच्या सुतारांच्या व गवंड्यांच्या हाती दिसते.

नहरीतून पाणी वाहते, तशी ड्रिलमधून शक्ती वाहते. तिची वाट नीट ध्यानात घ्या. भिंतीवरील सॉकेटमधून वीज प्लगमध्ये येते. तेथून ती वायरीतून खटक्याकडे जाते. खटका दाबला, की ती कार्बनच्या दोन लहान कांड्यांतून मोटरीच्या फिरत्या भागात शिरते. मोटर फिरते, तिच्यामुळे दातेरी चाके फिरतात, त्यांच्यामुळे ‘चक’ फिरतो आणि चकात घट्ट बसविलेले बिट लाकडात शिरते. या वाटेवर कोठेही अडथळा आला, की काम थांबते.

आता असे समजा, की एका सुताराच्या कारखान्यात ड्रिल अचानक बंद पडले. दुसऱ्या दिवशी सकाळी दारे पोचवावयाची होती. हाताखालचा मुलगा घाबरला. त्याने पेचकस उचलला व तो म्हणाला, “उस्ताद, मोटर जळाली असणार. उघडून पाहतो.”

“थांब, पोरा! आधी प्लग काढ,” उस्ताद म्हणाले. “वीज जोडलेली असताना यंत्राला पेचकस लावायचा नाही. आणि मोटर जळाली, हे तुला कोणी सांगितले? जळाली असती, तर करपल्याचा वास आला असता.”

उस्तादांनी त्याच सॉकेटला टेबलावरचा दिवा लावून पाहिला. दिवा लागला. म्हणजे वीज भिंतीपर्यंत येत होती. मग प्लग उघडून पाहिला. त्याचे स्क्रू घट्ट होते. त्यानंतर वायर मुठीपाशी जेथे सारखी वाकते, तेथे तपासली. पुष्कळदा वरचे आवरण शाबूत असते, पण आतील तारा तुटलेल्या असतात. मीटर लावल्यावर वायर चांगली आहे असे दिसले. खटकाही चांगला निघाला. मग त्यांनी कार्बनच्या कांड्या बाहेर काढल्या. त्या झिजून इतक्या आखूड झाल्या होत्या, की आतील स्प्रिंग त्यांना मोटरीवर टेकवू शकत नव्हती. तेथेच वाट तुटली होती!

“एकच कांडी जास्त झिजली आहे. तेवढीच बदलू का?” मुलाने विचारले.

“नाही. दोन्ही बरोबरच बदलायच्या, आणि त्याच मापाच्या. एक नवी, एक जुनी अशी जोडी नीट चालत नाही,” उस्ताद म्हणाले. त्यांनी हवा खेळण्याच्या फटींत साचलेला भुसाही ब्रशने झाडून काढला. थोड्या वेळात ड्रिल गुणगुणू लागले. मुलाच्या तर्काप्रमाणे नवी मोटर आणली असती, तर पैसाही गेला असता, दिवसही गेला असता, आणि दारे वेळेवर पोचली नसती.

यंत्र मुके नसते. ऐकणाऱ्याशी ते बोलते. मोटरीचा आवाज येतो पण चक फिरत नाही, तर दातेरी चाकांत दोष असण्याचा संभव असतो. आत फार ठिणग्या दिसतात, तर कार्बन झिजले असतील. यंत्र तापते, तर हवेच्या फटी भुशाने बुजल्या असतील किंवा बिट बोथट झाल्यामुळे कारागीर फार जोर लावीत असेल. खर्रखर्र आवाज येतो, तर बेअरिंग किंवा चाके झिजली असतील, अथवा वंगण संपले असेल. परंतु हे केवळ तर्क होत; तपासल्यावाचून तर्क खरा मानू नये.

तुम्ही अद्याप लहान आहा. विजेचे यंत्र स्वतः उघडू नका. जाणत्या माणसाच्या शेजारी उभे राहून पाहा व विचारा. ओल्या हातांनी प्लगला स्पर्श करू नका. विजेपाशी केलेली चूक प्राणावर बेतू शकते.

मात्र बिघाड शोधण्याची ही रीत तुम्हांस आजही उपयोगी पडेल. सायकल अडली, हातपंपास पाणी येईना, गणिताचे उत्तर चुकले, तरी गोंधळून सर्व काही उलथेपालथे करू नये. आरंभापासून एकेक पायरी तपासावी. जेथवर बरोबर आहे तेथे खूण करावी. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. सुमारे चारशे वर्षांपूर्वीच्या नहरीची ती उघडी तोंडे आपणांस हेच सांगतात, की जे तपासता येते, तेच दुरुस्त करता येते.

स्वाध्याय

१. नहरीवर ठिकठिकाणी उभी तोंडे का ठेवली असावीत?
२. ड्रिलमधील शक्तीची वाट क्रमाने लिहा.
३. उस्तादांनी मोटर आधी का उघडली नाही?
४. ‘यंत्र मुके नसते’ या वाक्याचा अर्थ तीनचार वाक्यांत सांगा.
५. तुमच्या घरी बंद पडलेली एखादी वस्तू वडील माणसांनी कशी दुरुस्त केली, ते विचारून क्रमवार लिहा.